अ‍ॅपचा पडदा आणि धंद्याचे खाते
'फ्लटर'वरून प्रोग्रामर मंडळींत वाद का, आणि आपल्या व्यापाऱ्याने त्यातून काय घ्यावे?

धंद्याचे स्वतःचे मोबाईल अ‍ॅप असावे, असे आता केवळ मुंबईच्या मोठ्या पेढ्यांनाच वाटते असे नाही. अंजनवेल, वेलदूर, दाभोळ, गुहागर या पट्ट्यातला आंब्याचा बागायतदार, मासळीचा व्यापारी, होडी दुरुस्त करणारा सुतार, कपडे शिवणारा कारागीर यांच्यापुढेही हा प्रश्न येऊ लागला आहे. अ‍ॅप करून देणारा बोलणी करायला बसला की काही नावे हमखास कानावर पडतात: फ्लटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, जेटपॅक कंपोज, स्विफ्टयूआय. "फ्लटरमध्ये करू, म्हणजे एकाच खर्चात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालेल," असे सांगितले जाते. दुसऱ्याला विचारावे तर तो म्हणतो, "फ्लटर घेऊ नका, मागाहून पस्तावाल." दोघेही जाणकार, दोघेही आपल्या जागी प्रामाणिक. मग पैसे मोजणाऱ्याने कोणाचे ऐकावे?

या वादात तथ्य आहे आणि तो समजून घेण्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. ज्याला रोजमेळ आणि खतावणी कळते, त्याला या वादाचा गाभाही कळेल.

फ्लटर म्हणजे काय?

मोबाईलच्या पडद्यावर दिसणारी बटणे, याद्या, चित्रे, लिहिण्याचे रकाने प्रोग्रामर दरवेळी शून्यापासून बनवीत नाही. त्यासाठी तयार साहित्य मिळते आणि ते जोडण्याची एक ठरलेली रीतही मिळते. या संचाला 'फ्रेमवर्क' म्हणतात. सुताराच्या भाषेत सांगायचे तर हत्यारांची पेटी आणि जोडकामाची पद्धत, दोन्ही मिळून एक फ्रेमवर्क.

पूर्वी अँड्रॉइडचे अ‍ॅप एका भाषेत आणि आयफोनचे दुसऱ्या भाषेत लिहावे लागे. म्हणजे माल एक, पण कारागीर दोन आणि मजुरीही दोन. ही दुहेरी मजुरी वाचवण्यासाठी फेसबुकने मार्च २०१५ मध्ये 'रिअ‍ॅक्ट नेटिव्ह' सर्वांसाठी खुले केले. गूगलच्या 'फ्लटर'ची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. फ्लटरमधले अ‍ॅप 'डार्ट' या भाषेत लिहितात. ही भाषा गूगलनेच २०११ साली पुढे आणली होती. अ‍ॅपलने २०१९ साली केवळ आपल्या उपकरणांसाठी 'स्विफ्टयूआय' आणले. त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइडसाठी 'जेटपॅक कंपोज' जाहीर केले आणि जुलै २०२१ मध्ये त्याची पक्की आवृत्ती दिली. हत्यारे चार असली तरी मूळ विचार चौघांचा एकच आहे. तो विचार आधी पाहू.

पाटी रंगवणारा आणि रोजमेळ

समजा, एका आंबा व्यापाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये 'शिल्लक पेट्या ४०' असा आकडा तीन ठिकाणी दिसतो: पहिल्या पानावर, मालाच्या पानावर आणि मागणी नोंदवण्याच्या पानावर. एका गिऱ्हाईकाने ५ पेट्या घेतल्या. जुन्या पद्धतीत प्रोग्रामरला आज्ञा द्याव्या लागत: पहिल्या पानावरचा आकडा पुसून ३५ कर, मग मालाच्या पानावरचा कर, मग तिसऱ्या पानावरचा. पाट्या रंगवणाऱ्याला दुकानातल्या एकेका पाटीपाशी पाठवावे, तसा हा प्रकार. त्यातली एक पाटी राहून गेली की एका ठिकाणी ३५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४०. नसलेला माल विकला जातो आणि तंटा उभा राहतो. अ‍ॅप जितके मोठे, तितक्या पाट्या जास्त आणि विसरण्याच्या जागाही जास्त.

नव्या पद्धतीत प्रोग्रामर पाट्या रंगवण्याच्या आज्ञा देतच नाही. तो एवढेच लिहून ठेवतो की शिल्लक अमुक असेल तर पडदा असा दिसावा, शिल्लक शून्य असेल तर 'माल संपला' असे दिसावे. आकडा एकाच जागी नोंदलेला असतो. तो बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेला पडद्याचा भाग फ्रेमवर्क पुन्हा मांडते. रोजमेळ एक, आणि खतावणी त्यावरूनच उतरवायची. खतावणीत परस्पर खाडाखोड करायची नाही. हा नियम आपल्या पेढ्यांवर जुनाच आहे. प्रोग्रामर मंडळी रोजमेळातल्या त्या नोंदीला 'स्टेट', म्हणजे स्थिती म्हणतात. पडदा म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीचे चित्र, हे या विचाराचे सार.

यावर पहिली शंका कोणालाही येईल. दरवेळी नव्याने मांडायचे म्हणजे फोनवर किती बोजा! स्वस्त फोन तर बसूनच जायचा. फ्लटरने याची व्यवस्था अशी केली आहे की प्रोग्रामर जे लिहितो ती केवळ चिठ्ठी असते. शिंप्याकडे मापाची चिठ्ठी असते तशी. चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली म्हणून कापड वाया जात नाही. फ्लटर जुनी आणि नवी चिठ्ठी ताडून पाहते आणि जिथे माप बदलले तिथेच कात्री लावते. त्यामुळे बहुतेक कामांत हा बोजा जाणवत नाही. मात्र प्रोग्रामरने निष्काळजीपणे एका आकड्यासाठी सगळ्या पानाच्या चिठ्ठ्या पुन्हा लिहायला लावल्या तर फोन अडखळतो. हीच तक्रार कंपोजबद्दलही होते. बऱ्याचदा दोष हत्याराचा नसून हाताचा असतो. पण हत्याराने असा दोष सहज घडू द्यावा का, यावर जाणकारांत दुमत आहे.

वादाचे चार मुद्दे

१) डब्यात डबा. फ्लटरमध्ये पडद्यावरची प्रत्येक गोष्ट 'विजेट' असते. बटण विजेट, अक्षरे विजेट, आणि बटणाभोवती मोकळी जागा सोडायची तर त्यासाठीही वेगळे विजेट. आंबा गवतात, गवत खोक्यात, खोके पेटीत, अशी ही रचना. चाहते म्हणतात की एवढी सरळ रीत दुसरी नाही. लहान वस्तू जोडत जा, मोठी वस्तू तयार होते, आणि कोणता तुकडा कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. टीकाकार म्हणतात की साध्या पानासाठीही कंसात कंस, त्यात आणखी कंस असा जिना तयार होतो आणि शेवटी बंद होणाऱ्या कंसांचीच रांग लागते. कंपोजने वेगळी वाट घेतली. तिथे मोकळी जागा, रंग, आकार हे एकाच वस्तूला ओळीने चिकटवलेले गुणधर्म असतात. पण तिथे क्रमाला महत्त्व येते. आधी रंग मग मोकळी जागा, आणि आधी मोकळी जागा मग रंग, यांतून दोन निराळी रूपे निघतात. नवशिका तिथे ठेचकाळतो.

२) स्वतःचा रंग, स्वतःचा कुंचला. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फोनचीच बटणे आणि याद्या वापरते. फ्लटर फोनकडून कोरी जागा घेते आणि सगळे चित्र स्वतः काढते. याचा फायदा असा की स्वस्त अँड्रॉइडवर आणि महागड्या आयफोनवर अ‍ॅप सारखेच दिसते. तोटा असा की चित्र काढणारे यंत्र अ‍ॅपसोबतच न्यावे लागते, म्हणून अगदी छोट्या अ‍ॅपचेही वजन काही एमबींनी वाढते. शिवाय फोनच्या कंपनीने आपल्या बटणांचे रूप बदलले की फ्लटरची नक्कल मागे पडते. २०२५ साली अ‍ॅपलने काचेसारखे नवे रूप आणले, तेव्हा हा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आला. सुरुवातीची काही वर्षे पडदा पहिल्यांदा सरकताना धक्का बसल्यासारखा थांबतो, अशीही तक्रार होती, विशेषतः आयफोनवर. त्यासाठी 'इम्पेलर' नावाचे नवे यंत्र बसवले गेले. आयफोनवर ते २०२३ साली आणि नव्या अँड्रॉइड फोनांवर डिसेंबर २०२४ पासून आपोआप लागू झाले. आपल्या भागातल्या गिऱ्हाइकांच्या हातात जुने फोनही असतात, हे इथे ध्यानात ठेवावे.

३) रोजमेळ कोणत्या पद्धतीने ठेवावा? पडदा स्थितीवरून उतरतो हे ठरले. पण ती स्थिती ठेवायची कुठे आणि बदलायची कोणी? लहान अ‍ॅपसाठी फ्लटरची स्वतःची सोय पुरते. मोठ्या अ‍ॅपसाठी प्रोव्हायडर, रिव्हरपॉड, ब्लॉक, गेटएक्स अशा अनेक पद्धती निघाल्या आणि प्रत्येकीचा स्वतंत्र पंथ झाला. चाहते याला स्वातंत्र्य म्हणतात, टीकाकार गोंधळ म्हणतात. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. आज एकाने एका पद्धतीने बांधलेले अ‍ॅप उद्या दुसऱ्याच्या हाती दिले तर त्याला ती पद्धत येत असेलच असे नाही. "मी हे पुन्हा पहिल्यापासून करतो," असे तो म्हणेल आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

४) भाषा आणि बदल. फ्लटरचे कौतुक जवळजवळ सगळेच ज्या गुणासाठी करतात तो म्हणजे काम करतानाच लगेच दिसणारा बदल. प्रोग्रामरने रंग बदलला की क्षणभरात फोनवर तो दिसतो आणि चालू असलेले अ‍ॅप बंदही करावे लागत नाही. याने मजुरीचे दिवस खरोखर वाचतात. पण डार्ट भाषा फ्लटरबाहेर फारशी वापरात नाही. उलट रिअ‍ॅक्ट नेटिव्हची जावास्क्रिप्ट जाणणारे गावोगाव मिळतात. शिवाय हत्यार तरुण असल्याने बदलत राहते. २०२३ साली डार्टची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा भाषेचे काही जुने नियम कायमचे गेले. ज्यांनी आपले जुने काम तोवर सुधारले नव्हते, त्यांना ते सुधारल्याशिवाय पुढे जाता येईना.

मोठ्यांचा अनुभव

आपल्या दुकानदारांच्या रोजच्या वापरातले उदाहरण म्हणजे गूगल पे. हे अ‍ॅप सप्टेंबर २०१७ मध्ये भारतात 'तेज' या नावाने आले आणि २०१८ साली गूगल पे झाले. पुढे गूगलने ते फ्लटरवर नव्याने बांधले. गूगलने सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे अँड्रॉइड व आयफोन मिळून जिथे सुमारे १७ लाख ओळींची आज्ञावली होती, तिथे ११ लाख ओळींत काम भागले. हा आकडा हत्याराच्या मालकानेच दिलेला आहे, हे लक्षात घेऊनही बचत मोठी आहे.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण एअरबीएनबी या अमेरिकन कंपनीचे. तिने काही वर्षे रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरले आणि २०१८ साली ते सोडून दोन्ही फोनांसाठी पुन्हा वेगवेगळे काम सुरू केले. त्यांचा अनुभव असा होता की एकच आज्ञावली दोन्हीकडे चालवायची, तरी दोन्ही फोन जाणणारे कारागीर ठेवावेच लागले. म्हणजे दोनाचे एक होण्याऐवजी तीन झाले. ही कंपनी मोठी, तिचे अ‍ॅपही अवाढव्य. लहान दुकानाला तोच हिशेब लागू पडत नाही. पण "एका खर्चात दोन्ही" हे वाक्य ऐकताना हा अनुभव आठवावा.

अंजनवेलचा धडा

हत्यार चांगले की वाईट, यापलीकडे एक प्रश्न उरतो, आणि तो अंजनवेलच्या माणसाला कोणी शिकवायला नको. १९९२ साली एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात दाभोळ वीज प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला आणि प्रकल्प उभा राहिला तो खाडीच्या अलीकडे, अंजनवेल-वेलदूर परिसरात. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. यंत्रे नवी होती, बांधकाम पक्के होते. पण इंधन कशाचे, दर कोणता, पैसे कोण आणि कसे देणार, या कराराच्या बाबींवरून २००१ साली उत्पादन थांबले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. बंद पडलेला प्रकल्प हाती घेण्यासाठी २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन करावी लागली. यंत्र चांगले असूनही दिवा लागत नाही, कारण दोरी दुसऱ्याच्या हातात असते, हे या गावाने डोळ्यांसमोर पाहिले आहे.

अ‍ॅपचेही तसेच. फ्लटरची दोरी गूगलच्या हातात आहे. २०२४ च्या वसंतात गूगलने कर्मचारी कपात केली, तिची झळ फ्लटर व डार्टच्या गटांनाही लागली आणि "गूगल हे सोडून देणार काय?" अशी धास्ती प्रोग्रामर मंडळींत पसरली. तसे झाले नाही, काम चालू आहे. पण त्याच वर्षी काही जाणकारांनी "वापरणारे लाखो आणि सांभाळणारे मोजके" अशी तक्रार करून 'फ्लॉक' नावाची वेगळी शाखा काढली. असे करता आले, कारण फ्लटरची आज्ञावली खुली आहे. ती कोणीही घेऊ, बदलू आणि पुढे चालवू शकतो. वीज प्रकल्पाच्या करारात आणि यात हा महत्त्वाचा फरक आहे. तरीही खुलेपणा म्हणजे कायमची हमी नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या 'झॅमरिन' या अशाच हत्याराचा आधार कंपनीने मे २०२४ मध्ये थांबवला आणि वापरणाऱ्यांना दुसरीकडे जावे लागले.

यावरून व्यापाऱ्याने एक सूत्र धरावे: पडदा बदलता येतो, खाते गमावता येत नाही. फ्लटर राहो वा जावो, गिऱ्हाइकांची यादी, येणे-देणे, मालाची नोंद ही जर पडद्यापासून वेगळी आणि आपल्या ताब्यात असेल, तर दुसरा कारागीर दुसऱ्या हत्याराने नवा पडदा बसवून देईल. ती नोंद जर अ‍ॅप करणाऱ्याच्याच खात्यात अडकली असेल, तर जगातले सर्वोत्तम फ्रेमवर्कही कामाचे नाही.

पडदा म्हणजे पुरावा नव्हे

याच विचाराचा रोजच्या गल्ल्याशीही संबंध आहे. पडदा हे स्थितीचे चित्र आहे, असे आपण वर पाहिले. पण चित्र काढणाऱ्याने खोटीच स्थिती मांडली, तरी चित्र तितकेच सुबक निघते. पैसे भरल्याची हिरवी खूण दाखवणारी बनावट अ‍ॅप्स वापरून दुकानदारांना फसवण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी घडले आहेत. खूण गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसली म्हणून माल देऊ नये. आपल्या बँकेचा संदेश, आपल्या फोनवरची नोंद किंवा दुकानातल्या बोलत्या यंत्राची घोषणा, यांपैकी काही आल्यावरच रक्कम जमा धरावी. आपल्या अ‍ॅपमध्येही 'पैसे मिळाले' ही नोंद बँकेकडून उलटून आलेल्या खात्रीवरच व्हावी, गिऱ्हाइकाने बटण दाबले एवढ्यावरून नव्हे. कोकणात पावसाळ्यात रेंज जाते, वीज जाते. अशा वेळी अ‍ॅपने 'खात्री बाकी आहे' असे स्पष्ट सांगावे, खोटा दिलासा देऊ नये.

बोलणी करताना काय ठरवावे?

१) अ‍ॅपची खरोखर गरज आहे काय? नेहमीची चाळीस-पन्नास गिऱ्हाइके असतील तर व्हॉट्सअ‍ॅपची व्यापारी आवृत्ती आणि नीट ठेवलेली वही पुरते. २०१८ साली आलेली ही आवृत्ती मोफत आहे. पाच खात्यांचा ताळमेळ रोज चुकत असेल, तेव्हाच अ‍ॅपचा विचार करावा.

२) प्ले स्टोअरचे खाते आपल्या नावावर उघडावे. त्याचे शुल्क एकदाच २५ डॉलर आहे. अ‍ॅपलचे शुल्क दरवर्षी ९९ डॉलर आहे. आपली गिऱ्हाइके आयफोनवाली नसतील तर तो खर्च आणि "दोन्हीवर चालते" हा मोह, दोन्ही सोडून द्यावे.

३) संपूर्ण आज्ञावली आणि अ‍ॅपवर सही करण्याची डिजिटल किल्ली आपल्या ताब्यात मिळेल, असे लेखी घ्यावे. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

४) सगळी नोंद साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही बाहेर काढता यावी. ती काढून दाखवायला सांगावे, नुसत्या शब्दावर भागवू नये.

५) वर्षाच्या देखभालीचा दर आधीच ठरवावा. प्ले स्टोअर अ‍ॅपला ठरावीक काळाने नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायला लावते. "एकदा केले की झाले" असे या मालाचे नसते.

६) अ‍ॅप जुन्या, स्वस्त फोनवर आणि अक्षरे मोठी करून चालवून पाहावे. वडीलधारी माणसे अक्षरे मोठी ठेवतात, आणि पुष्कळ अ‍ॅप्समध्ये तेव्हाच बटणे पडद्याबाहेर जातात. मराठीबरोबर उर्दू हवी असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगावे. फ्लटरमध्ये दोन्ही भाषांची आणि उजवीकडून डावीकडे मांडणीची सोय आहे, पण अ‍ॅप बांधून झाल्यावर ती घालणे खर्चाचे जाते.

७) गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक आणि पत्ता ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. अ‍ॅप करणाऱ्याने ती दुसऱ्या कामाला वापरू नये, हेही करारात यावे.

शिकणाऱ्यांसाठी दोन शब्द

ज्या घरांतली मुलेमुली हे काम शिकू इच्छितात, त्यांनी "फ्लटर शिकू की कंपोज?" या प्रश्नात महिने घालवू नयेत. दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्हींचा पाया एकच आहे: स्थिती एका जागी ठेवा आणि पडदा तिच्यावरून उतरवा. हा पाया पक्का झाला की एका हत्यारावरून दुसऱ्यावर जाणे अवघड नाही. सुरुवातीचे काम घरच्याच धंद्याचे घ्यावे. आंब्याच्या पेट्या, बर्फाच्या लाद्या किंवा शिवणाच्या मापांची नोंद ठेवणारे छोटे अ‍ॅप करावे आणि ते वडिलांच्या जुन्या फोनवर महिनाभर चालवावे. महिनाअखेर अ‍ॅपचा आकडा वहीशी जुळला तर काम जमले असे समजावे. जुळला नाही तर चूक शोधताना जे शिकायला मिळेल, ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही.